द्राक्षबागेच्या अँगलचे ३८ हजार अडकलेत, कोर्टात जाऊ का?

तासगावजवळ माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. २०२३ च्या दिवाळीत एका बागायतदाराला मांडवाचं अँगल करून दिलं, ३८ हजार राहिलेत. माल गेला की देतो म्हणाला, माल गेला तर म्हणे दलालानं पैसे अडवलेत, पुढच्या वर्षी अवकाळीनं बाग गेली, आता म्हणतोय यंदाची छाटणी होऊ दे. माणूस तसा वाईट नाही ओ, लग्नकार्यात भेटतो, चहा पाजतो, पण फोन उचलत नाही. चौकीत गेलो तर दिवाणी मॅटर आहे म्हणून परत लावलं. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो लहान रकमेला लघुवाद न्यायालय असतं, आपल्याकडं आहे का तसलं? वकिलालाच निम्मे गेले तर मला काय उरणार?

मिरजवाला
मुंबई-पुण्यासारखं वेगळं कोर्ट इथं नाही, तालुक्याला कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढं दावा टाकायचा. पण भावा आधी बिलावरची तारीख बघ! मुदतीच्या कायद्यानं काम पूर्ण झाल्यापासून ३ वर्षं मिळतात, म्हणजे २०२६ च्या दिवाळीच्या आसपास तुझा दावा मुदतबाह्य. 'पुढच्या सीझनला' म्हणत म्हणत तो तीच वर्षं खातोय, मुद्दाम असो नायतर नसो. मुदत संपायच्या आत त्याच्याकडनं 'इतकं देणं आहे' असं सहीनिशी लिहून घे, त्या दिवसापासून ३ वर्षं नव्यानं मोजतात.

कराडकर
दाव्याच्या आधी लोकअदालत बघा की. माझे पशुखाद्याचे २७ हजार होते, तालुका विधी सेवा समितीत साधा अर्ज दिला, दावापूर्व प्रकरण म्हणून घेतलं, फी शून्य. समोरच्याला नोटीस गेली तशी त्याची बायकोच म्हणाली मिटवून टाका, चार हप्ते ठरले. तिथं झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, हप्ता चुकवला तर थेट दरखास्त, म्हणजे कोर्टामार्फत वसुलीचा अर्ज, टाकता येते. फक्त समोरचा आला पाहिजे आणि कबूल झाला पाहिजे, तिथं कुणी जबरदस्ती करत नाही. नाहीच आला तर दावा आहेच, आणि दावा लोकअदालतीत मिटला तर कोर्ट फी परत मिळते.

एक_अनुभवी
वसुलीची पोरं लावा, दोन दिवसात पैसे.

मिरजवाला
आणि मग गुन्हा ह्याच्यावरच, पैसे राहिले बाजूला. नको ते शिकवू नका राव.
हप्ते ठरले तर चेक घेऊन ठेव. बाऊन्स झाला की बँकेचा मेमो हातात आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, त्यानं १५ दिवसांत नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात कलम १३८ ची, म्हणजे चेक बाऊन्सची केस. एक तारीख चुकली की बोंबललं.

मूळ प्रश्नकर्ता
बिल सापडलं, २१ नोव्हेंबर २०२३, त्याची सही पण आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'थोडं थांबा देतो' असले चार मेसेज आहेत, ते चालतात का?

कराडकर
डिलीट करू नका, फोन पण बदलू नका. पण 'देतो' मध्ये किती ते कुठं आहे? आजच '३८ हजार कधी देताय' असं विचारा, उत्तर आलं तर बरंच. आणि सोमवारी अर्ज टाका.