वाळवंटी ओढ्यातले जलकीटक: धार आणि डबक्यांचे नमुने एकत्र करावेत का?

वाळूपाणी: दोन किलोमीटरच्या वाळवंटी ओढ्यात जलकीटकांची विविधता नोंदवायची आहे. पाणी सलग नाही. मध्येच उथळ धार, बाकी सुटी डबकी. सर्बर सॅम्पलर (चौकटीला पिशवी लावलेलं, तळावर ठेवायचं साधन) आणि डी-जाळी (D आकाराच्या कड्याची, दांड्याची जाळी) दोन्ही आहेत. नमुने एकत्र करायचे का? पुरानंतर किती थांबायचं?

खडकचाळ: वेगळेच ठेवा. धारेत बेटिडी कुळातले मेफ्लाय, काळ्या माश्यांच्या अळ्या, जाळं विणणारे कॅडिसफ्लाय (दोन्ही पाण्यात वाढणारे कीटक) सापडतील. डबक्यात पाणभुंगे, पाणढेकूण, चतुरांच्या अळ्या. एकाच बाटलीत भरलंत तर यादी लांबेल, पण कोण कुठे राहतो ते कायमचं हरवेल.

सर्बर फक्त धारेत चालतो. त्याची पिशवी प्रवाहावरच फुगते. साचलेल्या पाण्यात ढवळलेले कीटक आत जातच नाहीत. चौकट ३० × ३० सेंमी, खोली साधारण तेवढीच किंवा कमी. आधी दगड चोळून घ्या, मग तळ ठरावीक वेळ ढवळा. डबक्यात ५०० मायक्रॉनची डी-जाळी, तीही घड्याळ लावून. सर्बरचे आकडे क्षेत्रफळावर, डी-जाळीचे वेळेवर, म्हणून घनतेची थेट तुलना नको. प्रजातींची संख्या ताडायची तर रेअरफॅक्शनने, म्हणजे दोन्ही नमुने गणिताने सारख्या कीटकसंख्येवर आणून. थेट तुलनाच हवी असेल तर दोन्हीकडे डी-जाळीच वापरा.

चिमटा: बाटली निम्मीच भरा, वर ९५ टक्के इथेनॉल. कीटक आणि शेवाळ यांच्यातलं पाणी उतरून ते पातळ होतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी बदलाच. नाहीतर मेफ्लायचे कल्ले आणि पाय गळतात, मग ओळख कुळापाशीच अडते. लेबल पेन्सिलीने, बाटलीच्या आत. मोठे पाणढेकूण आधीच बाजूला काढा, बादलीत ते बाकीचा नमुना फस्त करतात.

ओढाकाठ: पुरानंतर तीन-चार आठवडे तरी जाऊ द्या. बेटिडी आणि कायरोनोमिडी (डासासारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या माश्या) लवकर परततात, कारण त्यांचं जीवनचक्र छोटं आणि प्रौढ उडत येऊन अंडी घालतात. सगळ्यांना ते जमत नाही. सोनोरन वाळवंटातला आबेडस हा पाणढेकूण उडूच शकत नाही. जोराचा पाऊस लागला की तो पुराआधीच ओढा सोडून बाहेर चालत जातो!

उलट, पाणी आटताना पाणभुंगे उरलेल्या डबक्यात दाटतात आणि आकडा फुगतो. म्हणून प्रत्येक डबक्याची लांबी, रुंदी, खोली, तापमान, क्षारता नोंदवा.

वाळूपाणी: डबकं अगदीच लहान असेल तर?

चिमटा: मग जाळीचे दोन-तीनच फटके. मोठे कीटक ट्रेमध्ये ओळखून, फोटो काढून परत सोडा. न उडणारी प्रजाती तिथून संपली तर ती सहजी परत येत नाही.