उत्तर: ऑगस्टची प्रिन्स रूपर्ट सहल (हायवे १६, ब्रिटिश कोलंबिया, कॅनडा)

प्रेषक: मकरंद, बर्नबी

नमस्कार मंडळी,

गणपतीची धावपळ सुरू व्हायच्या आत ऑगस्टच्या लाँग वीकेंडला प्रिन्स रूपर्टला जायचं घाटतंय. पहिला मुक्काम प्रिन्स जॉर्ज, तिथून हायवे १६ धरून पश्चिमेला. हा टप्पा साधारण ७२० किलोमीटरचा. एका दमात मारायचा की स्मिदर्सला रात्र काढायची, यावर मतं कळवा.

आणखी एक. बायकोला ऑफिसात कुणीतरी सांगितलं की हाच तो 'हायवे ऑफ टिअर्स', तिथे बायका गायब होतात. दोघी लेकी बरोबर असणार, म्हणून विचारतो. मंजिरी, तू टेरेसला राहतेस, तूच सांग.

मकरंद

---

प्रेषक: श्रीधर, सरी

मकरंद,

स्मिदर्सला मुक्काम कर. अंधारात गाडी चालवू नकोस, मूस (इथली प्रचंड हरणं) थेट रस्त्यावर येतात. अर्धी टाकी झाली की पेट्रोल भरायचं, पुढच्या पंपाची वाट बघायची नाही. मोबाईलची रेंज गेली तर म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेव.

बाकीच्याची काळजी नको. आपण आपल्या गाडीत, बायकामुलांसह, आपल्याला काय होणार? त्या मूलनिवासी मुली ट्रकवाल्यांना अंगठा दाखवून लिफ्ट मागत एकट्या हिंडायच्या. घरात दारू, आईबापांचं लक्ष नाही. विटसेट या त्यांच्या वस्तीजवळ तर मोठा फलकच आहे, मुलींनो लिफ्ट मागू नका म्हणून. सांगूनही ऐकत नसतील तर कोण काय करणार? कटू आहे, पण आहे.

श्रीधर

---

प्रेषक: मंजिरी, टेरेस

मकरंददादा, स्मिदर्सचा मुक्काम नक्की कर, त्याबाबत काकांशी मी सहमत आहे. तुझ्या लेकींनाही बहुधा काही होणार नाही. तुझ्याकडे गाडी आहे, पेट्रोलला पैसे आहेत, आणि तुम्ही वेळेत पोचला नाहीत तर इथले शंभर लोक पोलिसांना फोन करतील.

श्रीधरकाका, तुमच्या बाकीच्या मेलवर मात्र लिहायलाच हवं.

या रस्त्याच्या कडेने फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूलनिवासी समाजांच्या, वीसेक वस्त्या आहेत. डाकेल्ह, वेट्सुवेटेन, गिटक्सान, त्सिमशियान. दवाखाना, हायस्कूल, कोर्ट, किराणा, नोकरी हे सगळं स्मिदर्स, टेरेस किंवा प्रिन्स जॉर्जला. विटसेटहून स्मिदर्स तीस किलोमीटर. आपल्याकडे 'गाव तिथे एसटी' म्हणून ज्या अंतराला कुणी दुसरा विचार करत नाही, तेवढं. इथे त्या तीस किलोमीटरसाठी २०१७ सालापर्यंत रोजची सार्वजनिक बस नव्हती. ग्रेहाउंड होती, पण ती लांब पल्ल्याची, तिकीट महाग, आणि अडनिड्या वेळी जाणारी. ज्या घरात गाडी नाही, किंवा आहे पण चालत नाही, त्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीने कामावर कसं जायचं? ती रस्त्यावर उभी राहते. इथे राहायला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मीही उणे पंधरात बायकांना अंगठा दाखवत उभं राहिलेलं बघायची. 'हिंडायला' कुणी त्या थंडीत बाहेर पडत नाही, काका.

आणि प्रत्येकीने लिफ्ट मागितली होती असंही नाही. मॉनिका जॅक बारा वर्षांची होती, १९७८ साली मेरिटजवळ सायकलवरून घरी निघाली होती. स्मिदर्सची रमोना विल्सन सोळा वर्षांची, ११ जून १९९४ला मैत्रिणीला भेटायला म्हणून बाहेर पडली. पुढच्या एप्रिलमध्ये विमानतळाजवळच्या झाडीत तिचे अवशेष सापडले. खुनी आजवर सापडलेला नाही. तिची आई माटिल्डा विल्सन यांनी तेव्हापासून दर जूनमध्ये स्मिदर्समध्ये पदयात्रा काढली. आईबापांचं लक्ष नाही म्हणालात म्हणून हे मुद्दाम लिहिते.

हायवेला हे नावही इथल्याच एका बाईने, फ्लॉरेन्स नझील यांनी, १९९८मध्ये टेरेसच्या शोकसभेत दिलं. वर्तमानपत्रं नंतर आली. म्हणजे खरी गर्दी २००२ साली झाली, जेव्हा अल्बर्टाहून झाडं लावायच्या कामाला आलेली पंचवीस वर्षांची एक गोरी मुलगी प्रिन्स जॉर्जबाहेरून नाहीशी झाली. तिच्या घरच्यांचं दुःख कमी होतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण त्याआधीच्या मुलींचे फोटो लायब्ररीच्या बोर्डावर पिवळे पडत होते आणि तिच्या शोधासाठी हेलिकॉप्टर आली, हे इथलं कुणीही विसरलेलं नाही.

पुढचं नीट वाचा. मार्च २००६मध्ये प्रिन्स जॉर्जला मोठी परिषद झाली. मुलींच्या घरचे, फर्स्ट नेशन्सचे प्रमुख, पोलीस, मंत्री, सगळे बसले. ३३ शिफारशी निघाल्या. पहिली शिफारस काय होती? बस. या रस्त्यावर, गावोगाव थांबणारी, परवडणारी बस. २०१२ साली व्हँकुव्हरच्या बेपत्ता बायकांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला. आयोगाचे प्रमुख वॉली ओपल, आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असलेले. त्यांनीही या रस्त्यावर वाहतुकीची सोय तातडीने करा असं लिहिलं. तरी काही वर्षं नुसत्या बैठका. २०१४च्या शेवटी विरोधी पक्षाने माहितीच्या अधिकारात त्या बैठकांची कागदपत्रं मागितली, तेव्हा वाहतूक मंत्रालयात या विषयाचे ईमेल कायमचे खोडून टाकल्याचं पुढच्या वर्षी तिथल्याच एका माजी कर्मचाऱ्याने उघड केलं. प्रांताच्या माहिती आयुक्त एलिझाबेथ डेनम यांनी ऑक्टोबर २०१५च्या अहवालात ते खरं ठरवलं. खोडणारा माणूस शपथेवर खोटं बोलला, २,५०० डॉलर दंड भरून सुटला.

पहिली बस जानेवारी २०१७मध्ये सुटली, स्मिदर्स ते विटसेट. मागणी कागदावर आल्यापासून अकरा वर्षं. तुम्ही पाहिलात तो फलक बस यायच्या आधीपासूनचा आहे. 'लिफ्ट मागू नका' असा फलक लावायला फारसा खर्च येत नाही.

मंजिरी

---

प्रेषक: श्रीधर, सरी

मंजिरी, तुझी कळकळ पोचली. बस हवी होती यात वाद नाही. पण बसने खून केले नाहीत. खून माणसांनी केले आणि माणसं पकडणं हे पोलिसांचं काम. कॅनडाचे पोलीस आपल्या हवालदारांसारखे नाहीत, एवढी मोठी यंत्रणा, डीएनए वगैरे. मग इतक्या वर्षांत सापडलं कसं नाही कुणी? कुठेतरी त्या समाजातले लोकही बोलत नसतील, साक्ष देत नसतील.

श्रीधर

---

प्रेषक: मंजिरी, टेरेस

काका, साक्ष कुणाकडे द्यायची ते आधी बघू.

प्रिन्स जॉर्जच्या कोर्टात डेव्हिड रॅमझी नावाचे न्यायाधीश होते. त्यांच्यासमोर जी मूलनिवासी पोरं हजर केली जायची, त्यातल्याच मुलींवर, काही अवघ्या बारा वर्षांच्या, त्यांनी अत्याचार केले. २००४ साली गुन्हा कबूल केला, सात वर्षांची शिक्षा झाली, तुरुंगातच वारले. त्या कोर्टाच्या पायऱ्या पुन्हा चढायला कुठली मुलगी तयार होईल? २०१३मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने उत्तर ब्रिटिश कोलंबियातल्या पोलिसांवरच अहवाल काढला. मारहाण, धमक्या, लैंगिक छळ, आणि तक्रार करायला गेलेल्या बाईलाच दारुडी ठरवणं. त्याच्याही मागे जायचं तर फ्रेझर लेकजवळ, याच रस्त्यावर, लजॅकची निवासी शाळा होती. मुलांना घरातून उचलून तिथे कोंडायचे, आणि उचलायला पोलीसच यायचे. १९३७च्या नव्या वर्षाच्या दिवशी चार मुलगे तिथून घरी पळताना तळ्याच्या बर्फावर गोठून मेले. शाळा १९७६पर्यंत चालली. आज पन्नाशी-साठी उलटलेल्या इथल्या आज्या तिथे शिकलेल्या आहेत. पोलिसांची गाडी दारात दिसली की त्यांना मदत आली असं वाटत नाही.

तपासाचं म्हणाल तर आरसीएमपीने, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांनी, २००५मध्ये 'ई-पाना' नावाचं खास पथक काढलं. त्यांच्या यादीत १८ जणी आहेत, १९६९ ते २००६ या काळातल्या. तेरा खून, पाच बेपत्ता. यात फक्त हायवे १६ नाही, ९७ आणि ५सुद्धा धरलेत, आणि सगळ्या मूलनिवासी नाहीत. यादीत यायचं तर मुलगी शेवटची दिसलेली किंवा सापडलेली जागा रस्त्यापासून साधारण मैलभरात हवी, शिवाय लिफ्ट मागण्यासारखं काही 'धोक्याचं' तिने केलेलं हवं. इथल्या घरांची यादी चाळीसच्या पुढे जाते. ज्यांची मुलगी मैलापलीकडे सापडली त्यांना हा हिशेब समजावून बघा.

डीएनए उपयोगी पडला, नाही असं नाही. १९७४च्या एका खुनात २०१२ साली बॉबी जॅक फाउलर या अमेरिकन माणसाचं नाव निघालं, पण तो २००६मध्येच ऑरेगनच्या तुरुंगात मेला होता. मॉनिका जॅकच्या खुनाबद्दल गॅरी हँडलनला २०१९मध्ये दोषी धरलं, जवळजवळ एक्केचाळीस वर्षांनी. प्रिन्स जॉर्ज ते रूपर्ट या पट्ट्यातल्या यादीतल्या एकीच्याही खुनाचा निकाल लागलेला नाही.

आणि कोडी लेगेबोकॉफचं प्रकरण तुम्हाला माहीत असेल. चार खून, २०१४मध्ये जन्मठेप. तो सापडला कसा? नोव्हेंबर २०१०च्या एका रात्री जंगलाच्या कच्च्या वाटेवरून भरधाव हायवेवर येणारा पिकअप एका तरुण पोलिसाला दिसला. चोरटी शिकार करून आला असेल म्हणून त्याने थांबवला, तर गाडीत रक्त. शिकाऱ्यावर नजर होती म्हणून खुनी हाती लागला. पकडला तेव्हा तो वीस वर्षांचा होता, म्हणजे सत्तर-ऐंशी-नव्वदच्या खुनांशी त्याचा संबंधच असू शकत नाही. एकच कुणीतरी राक्षस चाळीस वर्षं या रस्त्यावर फिरतोय, ही कल्पना फक्त टीव्हीवाल्यांना सोयीची आहे. वेगवेगळ्या काळातल्या वेगवेगळ्या पुरुषांना हे कळलेलं होतं की या मुलींना शोधायला लगेच कुणी येत नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

बेपत्ता आणि खून झालेल्या मूलनिवासी बायकांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाची सुनावणी सप्टेंबर २०१७मध्ये स्मिदर्सला झाली तेव्हा लोक बोलले, काका. दिवसचे दिवस बोलले. २०१९च्या अहवालात २३१ मागण्या आहेत. लोक बोलत नाहीत ही अडचण कधीच नव्हती.

मंजिरी

---

प्रेषक: नेहा, प्रिन्स जॉर्ज

मी इथे युनिव्हर्सिटीत शिकते, मंडळात नवीन आहे, म्हणून जरा भीतभीत लिहिते.

बस आली तेव्हा सगळं सुटलं असं वाटू नये म्हणून. ग्रेहाउंडने २०१८मध्ये उत्तरेकडच्या फेऱ्या बंद केल्या. आता प्रांताची लांब पल्ल्याची बस आहे, पण ती रोज नाही, आठवड्यातले ठरावीकच दिवस. गावागावांतल्या बस वेगळ्या, स्वस्त आहेत, पण एक चुकली तर दुसरी त्या दिवशी मिळेलच असं नाही. माझ्याबरोबरची भारतातून आलेली मुलं-मुली सरळ फेसबुकवर 'कुणी टेरेसला जातंय का' विचारतात आणि अनोळखी माणसाच्या गाडीत बसतात. पेट्रोलचे पैसे वाटून घेतात एवढाच फरक. त्याला कुणी हिचहायकिंग म्हणत नाही. घरी आईला मी बसने जाते असंच सांगते.

रेंजची अडचण इथे बरीच वर्षं होती. २०२१मध्ये या रस्त्यावरच्या २५२ किलोमीटरच्या खंडासाठी टॉवर जाहीर झाले. त्याचीही शिफारस २००६च्याच यादीत होती.

नेहा

---

प्रेषक: श्रीधर, सरी

नेहा, तू कुणाच्या गाडीत बसतेस त्याचा नंबर आधी मला पाठवत जा. माझा फोन मंडळाच्या यादीत आहे. रात्री-अपरात्री चालेल.

मंजिरी, तू लिहिलेलं वाचलं. घरच्या शिस्तीबद्दलचं माझं मत मी सोडलेलं नाही, पण न्यायाधीशाचं मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं या प्रांतात कर भरतोय आणि हे कानावर आलं नाही.

श्रीधर

---

प्रेषक: मकरंद, बर्नबी

मंडळी, स्मिदर्सचा मुक्काम पक्का. मंजिरी, टेरेसच्या पश्चिमेला किटसमकेलमपाशी या मुलींच्या स्मरणार्थ टोटेम पोल, म्हणजे मूलनिवासींचा कोरीव लाकडी स्तंभ, उभारलाय असं वाचलं. २०२०चा. आम्ही थांबलो तर चालेल का? की आगाऊपणा होईल? आमचा ग्रुप कुठेही उतरला की आधी फोटो काढतो, म्हणून विचारून ठेवतो. मोठी लेक चौदा वर्षांची आहे, तिला हे सगळं तिथे सांगू की आधी घरीच?

मकरंद

---

प्रेषक: मंजिरी, टेरेस

आधी घरीच सांग. गाडीत सांगायला घेतलंस तर धाकटी अर्धवट ऐकेल आणि रात्रभर घाबरेल.

पोलपाशी जरूर थांबा, हायवेच्या कडेलाच आहे. माइक डांगेली यांनी घडवलाय. ग्लॅडिस रॅडेक यांनी त्यासाठी खूप धडपड केली. त्यांची भाची २००५मध्ये प्रिन्स रूपर्टजवळून नाहीशी झाली, तेव्हापासून त्या थेट ओटावापर्यंत चालत जाऊन आल्या आहेत. पोलचा फोटो काढा, पण त्यासमोर ग्रुप फोटो नको. लोक तिथे लाल कपडे, फुलं ठेवतात, त्यांना हात लावू नका. कुणी घरचं माणूस तिथे असेल तर थोडं लांब थांबा, बोलावलं तर जा.

आणि दादा, येताना तुझ्या व्हॅनमध्ये जागा असेल तर आमच्या कॉलेजच्या दोन मुलींना प्रिन्स जॉर्जपर्यंत यायचं आहे. एक नागपूरची आहे, एक याच रस्त्यावरच्या गिटसेगुक्ला या गिटक्सान वस्तीतली. त्या दिवशी बस नाही. तुझा गाडीनंबर आणि वहिनींचा फोन मला आधी पाठव, त्या दोघींच्या घरी द्यायचा आहे.

मंजिरी