बाहुलीच्या दंडावरचे पेनचे ठिपके काढू की राहू देऊ?

निळा_फ्रॉक

परवा माळा आवरताना जुन्या चादरीत गुंडाळलेली माझी चिमी सापडली. डोकं, हात, पाय व्हिनाइलचे, म्हणजे मऊ प्लास्टिकचे, पोट कापडी, आत कापूस. आडवी केली की डोळे मिटायची आणि कलती केली की 'मॅंऽ' करून रडायची, तशी बाहुली. आता उजवा डोळा अर्धाच मिटतो. आवाज बंद आहे, हलवली तर पोटात काहीतरी खुळखुळतं. अंगाला हात लावला की बोटं चिकटतात. मागचे केस पार मुळाशी कापलेले आहेत. ते ताईने कापले होते आणि परत वाढतील असं मला सांगितलं होतं. कितीतरी दिवस मी सकाळी उठून आधी चिमीचं डोकं बघायचे. ताईवरचा तो राग मी बराच काळ धरून ठेवला होता.

माझी लेक सहा वर्षांची आहे, तिला चिमी खेळायला हवी आहे. द्यायची तर नीट करून द्यावी असं वाटतं. अडतंय ते एकाच ठिकाणी.

चिमीच्या डाव्या दंडावर बॉलपेनचे निळे ठिपके आहेत, भरपूर. १९८६ साली मला टायफॉइड झाला, तेव्हा मीही सहाचीच होते. हॉस्पिटलमध्ये किती दिवस होते ते आठवत नाही. चिमीला बरोबर नेऊ दिलं नव्हतं, हे मात्र पक्कं आठवतं. घरी आल्यावर मी दुसरं काही खेळलेच नाही. चिमीला मांडीवर घ्यायचं, बाही वर सारायची, कापूस फिरवायचा, "मुंगी चावेल हं, झालं, झालं" म्हणायचं आणि पेन टोचायचं. मुंगी चावेल हे तिथली नर्स मला म्हणायची. चिमीला मी रडू द्यायचे नाही. म्हणजे टोचताना तिला अजिबात कलती करायची नाही, ताठ बसवून ठेवायची. मग आवाज यायचा नाही आणि मी तिला "शहाणी गं माझी" म्हणायचे.

हे डाग निघतात असं ऐकलं आहे. काढावेत का? लेकीच्या हातात स्वच्छ बाहुली द्यावी असं एकदा वाटतं, आणि लगेच दंडावर हात ठेवून बसते मी. तुम्ही तुमच्या बाहुल्यांचं काय केलंत?

घड्याळजी

घड्याळं दुरुस्त करणं हे माझं काम, पण वर्षाकाठी ओळखीतल्या पाच-सहा बाहुल्याही माझ्या टेबलावर येतात. काढावेत की नाही ते तुम्ही ठरवा. मी बाकीचं सांगतो.

डोळा: काही बाहुल्यांत दोन्ही डोळे एकाच तारेवर असतात, काहींत प्रत्येक डोळा आपापल्या कप्प्यात, मागे छोटं वजन. आडवी केली की वजन खाली जातं आणि पापणी मिटते. तुमच्या चिमीचा एकच डोळा अडकतोय, म्हणजे कप्पे वेगळे आहेत. बहुतेक वेळा बुबुळाच्या कडेला धूळ आणि सुताचे तंतू साचलेले असतात किंवा पापणीचा केस आत दुमडलेला असतो. भिंग घेऊन बघा, बारीक सुईने अलगद काढा. पाणी घालू नका, आतली तार गंजते. तरीही अडला तर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकावर घेऊन कडेला टेकवा. एकच.

चिकटपणा: व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जो पदार्थ मिसळतात, तो वर्षानुवर्षांनी पृष्ठभागावर झिरपतो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, बास. स्पिरिट, थिनर बिलकूल नको, गालांचा रंग जाईल. कापडी पोट भिजू देऊ नका. पुन्हा ठेवाल तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सुती कापडात ठेवा, उन्हापासून लांब. आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो, त्या काळच्या व्हिनाइलमध्ये मऊपणासाठी थॅलेट्स नावाची रसायनं सर्रास वापरायचे. युरोपात १९९९ पासून आणि अमेरिकेत २००८ पासून मुलांच्या खेळण्यांतल्या काही थॅलेट्सवर निर्बंध आले. सहा वर्षांची मुलगी बाहुली तोंडात घालणार नाही, पण खेळून झाल्यावर हात धुवायला लावा. घरात तान्हं बाळ असेल तर त्याला देऊ नका.

आवाज: पोटात एक डबी असते. तिच्यात वजन, छोटा भाता आणि पिपाणीसारखी पट्टी. कलती केली की वजन घसरतं, भाता दाबला जातो आणि हवा पट्टीवरून जाते. खुळखुळतंय म्हणजे वजन भात्यापासून सुटलंय. पाठीची शिवण उसवून डबी बाहेर काढावी लागेल.

ठिपके: व्हिनाइलवरचे असतील तर मुरुमांवर लावतात ते बेन्झॉइल पेरॉक्साइडचं क्रीम डागापुरतं लावून काही तास उन्हात ठेवतात. दोन-चार वेळा केल्यावर शाई फिकी होत जाते. कधी कधी आजूबाजूचा रंगही उडतो, आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून आधी कुठेतरी न दिसणाऱ्या जागी लावून बघा. कापडावर हा प्रयोग नको.

सावळी

ठिपक्यांबद्दल मला सांगता येणार नाही, पण वाचता वाचता माझी बाहुली समोर आली.

ती गोरी होती. माझ्या सगळ्या मैत्रिणींच्या बाहुल्या गोऱ्याच होत्या. मी तिच्या हाताला हात लावून बघायचे. सात वर्षांची असताना एका दुपारी बाबांच्या बुटांचं ब्राउन पॉलिश घेतलं आणि तिला कपाळापासून टाचेपर्यंत चोळलं. बाबा करायचे तसंच, आधी फडक्याने गोल गोल, मग कोरड्या फडक्याने चकाकी. बोटांच्या फटीत ते जास्त साचलं, तिथे ती अगदी माझ्या रंगाची झाली. इतकी सुंदर दिसली मला ती. धावत आईला दाखवायला नेली, तर आई म्हणाली, चांगल्या बाहुलीची काय दशा केलीस. लगेच मोरीवर नेऊन घासली. कानामागे थोडं राहिलं, ते मी कोणाला दाखवलं नाही.

पुढे कॉलेजात केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याबद्दल शिकले. १९४० च्या सुमारास अमेरिकेत त्यांनी तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे फक्त रंग वेगळा असलेल्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारलं, छान कोणती? तुझ्यासारखी कोणती? बहुतेकांनी छान म्हणून गोरी उचलली. 'तुझ्यासारखी कोणती' म्हटल्यावर काहींना रडू फुटलं. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णावरून केलेली विभागणी घटनाबाह्य ठरवली, तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचाही दाखला दिला होता. वर्गात सगळे लिहून घेत होते आणि माझ्या नाकात पॉलिशचा वास भरला होता. मला कोणी विचारलं असतं तर मी तीच उचलली असती, पॉलिशवाली.

त्या दुपारी आईने घासलं नसतं तर बरं झालं असतं, एवढं अजूनही वाटतं.

रात्रपाळी

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, सोळा वर्षं झाली. "मुंगी चावेल" मीही म्हणते.

तुम्ही जे घरी येऊन केलंत, ते आम्ही आता मुद्दाम करायला देतो. सलाइन लावायच्या आधी मुलाच्या हातात बाहुली, बिनसुईची सिरिंज, कापूस आणि चिकटपट्टी. काही मुलं एकदाच टोचतात. काही तासभर थांबत नाहीत. आमच्याकडच्या एका मुलीने बाहुलीच्या एकाच हातावर चौदा पट्ट्या लावल्या होत्या, आणि प्रत्येक पट्टी लावताना तिच्या कानात काहीतरी सांगत होती. मी बाजूला झाले. ज्याला टोचलं जातं, त्याला एकदा तरी टोचणारं व्हायचं असतं. त्यात दुष्टपणा नसतो. तुम्ही चिमीला ताठ बसवून ठेवायचात हे वाचून मला थांबावं लागलं. तुम्ही तिथे रडायचं नाही असं ठरवलेलं असणार.

डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने १९५३ मध्ये मुलांच्या जवळच्या वस्तूंबद्दल, म्हणजे चादरीचा कोपरा, मऊ बाहुली यांबद्दल, एक निबंध प्रसिद्ध केला. तो म्हणतो की अशी वस्तू बदलता कामा नये, बदललीच तर त्या मुलाने स्वतः बदललेली असावी. आई ती मळू देते, वास येऊ देते, कारण धुतली तर मुलाच्या लेखी काहीतरी तुटतं. सावळी यांचं पॉलिश वाचून हेच आठवलं.

तुमच्या जागी मी असते तर ठिपक्यांना हात लावला नसता. लेकीने विचारलं तर सांगा, इंजेक्शन दिली होती. मुलांना ते लगेच कळतं.

गुंडी

मी पुरुष आहे, आणि माझी बाहुली मोज्याची होती. आजीने एका जुन्या राखाडी मोज्यात चिंध्या भरल्या, डोळ्यांना दोन गुंड्या लावल्या, एक काळी, एक तपकिरी, कारण सारख्या मिळाल्या नाहीत. मी तिला दहाव्या वर्षापर्यंत उशीच्या अभ्र्यात ठेवली. बाहेर कधी काढली नाही. रात्री अभ्र्यात हात घालून तपकिरी गुंडी सापडली की झोप लागायची. घर बदलताना अभ्रे धुवायला गेले आणि ती गेली. "माझी बाहुली कुठाय" असं मी विचारू शकलो नाही, कारण माझ्याकडे बाहुली आहे हेच कोणाला माहीत नव्हतं.

मोठेपणी बाहुली कवटाळून बसल्याचं अवघडलेपण वाटत असेल तर एक सांगतो. १८८९ साली रोममध्ये न्यायालयाच्या इमारतीचा पाया खणताना दुसऱ्या शतकातल्या एका तरुणीची शवपेटी सापडली. क्रेपेरेया त्रिफेना तिचं नाव. चांगली विशीच्या आसपासची. तिच्याबरोबर हस्तिदंती बाहुली होती, खांदे, कोपर, गुडघे सगळे हलणारे. तिने इतकी वर्षं ती सांभाळली असेल, किंवा तिच्या घरच्यांनी कुठूनतरी काढून तिच्याजवळ ठेवली असेल. ठिपके ठेवा हो.

निळा_फ्रॉक

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लिहिता आलं नाही, कारण मधे वेगळंच झालं.

घड्याळजी काका, डोळा सुटला. पापणीत लोकरीचा तंतू होता. लेक सकाळपासून चिमीला निजवते आणि उठवते आहे. अंगही पुसून घेतलं, आता बोटं चिकटत नाहीत.

डबी काढायची म्हणून फ्रॉक उतरवायला घेतला. पाठीची बटणं कधीच गेलेली, तिथे कोणीतरी काळ्या दोऱ्याने फ्रॉक शिवून टाकलेला. टाके मोठे, वेडेवाकडे. ते उसवले आणि खाली चिमीच्या कापडी पाठीवर पेनच्या उभ्या रेघा दिसल्या. ठिपके नाहीत, रेघा. एका ओळीत, सरळ, पट्टी ठेवून मारल्यासारख्या. अकरा. शेवटच्या रेघेभोवती गोल.

मी असं काही केल्याचं मला आठवेना. ताईला फोन लावला. ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तू नव्हतीस ना घरी."

ताई तेव्हा नऊ वर्षांची. आई माझ्याजवळ हॉस्पिटलात, ही आजीबरोबर घरी. मला भेटायला तिलाही सोडत नव्हते. रोज रात्री बाबा आले की ती विचारायची, आज टोचलं का, आणि चिमीच्या पाठीवर एक रेघ मारून झोपायची. मी येणार कळलं त्या रात्री गोल केला. बाहुलीवर लिहिलं म्हणून कोणी रागावेल, म्हणून स्वतःच सुईदोरा घेऊन फ्रॉक शिवला.

मग मी केसांचं विचारलं. ती म्हणाली, "तुझे कापले ना तिथे. बाबांनी सांगितलं होतं मला, परत वाढतात म्हणून."

तापात माझे केस बारीक कापले होते. फोटो आहे घरात. मी इतक्या वर्षांत हे दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

डबी अजून काढलेली नाही. ताई रविवारी येते आहे, तोवर थांबते. काका, पाठीची शिवण बरोबर त्या रेघांमधून जाते. दुसरीकडून डबी निघेल का?

घड्याळजी

निघेल. काखेखालच्या शिवणीतून चार बोटं उसवा, कापूस थोडा बाहेर घ्या आणि डबी आडवी करून सरकवा. परत शिवताना तिकडूनच बंद करा. पाठीला स्पिरिट किंवा साबण, काहीही लावू नका, कापडावरची शाई फुटते. ताईंना सांगा, टाके त्यांच्याच हातचे असू द्या.