फोन आला, पण उचल फिटली का?

'कोळ्याच्या, शेतकऱ्याच्या हातात अ‍ॅप द्या, दलाल आपोआप जाईल' असं मासळी-शेतमालाच्या विक्रीबद्दल बरेचदा म्हटलं जातं, त्यावर थोडं.

केरळचंच बघा. 1997 ते 2001 दरम्यान कोझिकोड, कण्णूर, कासरगोडच्या किनाऱ्यावर मोबाईल पोचला. त्याआधी तारलीची होडी सहसा आपल्याच बंदराला लागायची. तिथे गिऱ्हाईक नसलं की मासळी फेकून द्यायची, आणि दहा-पंधरा किलोमीटरवर व्यापारी रिकाम्या हाताने परतायचे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सनचा 2007 चा अभ्यास सांगतो की फोननंतर मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्के वाढला, खाणाऱ्याला भाव 4 टक्के स्वस्त पडला, नासाडी जवळपास थांबली. अ‍ॅप वगैरे नव्हतं हं, साधा बोलायचा फोन, रेंज किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर.

पण जाळ्यासाठी, इंजिनासाठी ज्या दलालाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली त्यालाच माल घालावा लागत असेल, तर दहा बंदरांचे भाव कळून करायचं काय?

आपल्याकडे हापूसच्या पेट्या व्हॉट्सअ‍ॅपवरून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत थेट जातात. ते जमतं, कारण आंबा कच्चा काढलेला असतो, वाटेत पिकतो, चार दिवस दम धरतो. बांगडा धरत नाही. बर्फ संपला की भाव पडलाच.

तुमच्या गावची मच्छीमार सोसायटी बर्फ आणि उचल दोन्ही पुरवते का? पुरवत असेल तर कशी, ते लिहा.