तार सप्तकात आवाज पातळ आणि चेपलेला का होतो?

सूरसाधक:
मी काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातील पहिली काळी पट्टी षड्ज (‘सा’) मानून, गातो. मध्य सप्तकात आवाज भरदार लागतो. परंतु तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या सप्तकातील ‘सा’कडे, जाऊ लागलो, की तो पातळ होतो आणि मी घसा आवळून गात असल्याचे ऐकणाऱ्यांना जाणवते. त्या वेळी कंठमण्यावर बोट ठेवले असता तो हनुवटीकडे बराच सरकलेला आढळतो. तो प्रयत्नपूर्वक खाली धरून ठेवावा काय?

वाचोपचारक:
खाली दाबून धरू नका. त्याने जिभेचे मूळ आखडते आणि आवाज घशातच घुमत राहतो. आपल्या प्रश्नात खरे तर तीन वेगळ्या क्रिया एकत्र आल्या आहेत. काळी एकच्या मध्य षड्जावर पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे 139 वेळा कंप पावतात आणि तार षड्जावर त्याच्या दुप्पट. हा वेग मुख्यतः तंतू ताणले गेल्याने वाढतो. कंठमण्याच्या थोडे खाली, दोन कूर्चांमध्ये (लवचिक हाडांमध्ये), बोटाला एक लहानशी खाच लागते. हलक्या आवाजात षड्जावरून पंचमावर गेल्यास ती अरुंद होताना जाणवेल. तंतू ताणले जात असल्याची ती खूण आहे.

स्वरयंत्र संपूर्ण वर उचलले जाणे ही दुसरी क्रिया असून ती गिळताना वापरल्या जाणाऱ्या स्नायूंकडून होते. त्यामुळे तंतूंपासून ओठांपर्यंतचा मार्ग आखूड होतो, त्याचे अनुनाद (तो मार्ग ज्या कंपनांना अधिक घुमवतो ती) वर सरकतात आणि सूर तोच असूनही आवाज पातळ भासतो. चेपलेपणा मात्र तिसऱ्याच कारणाने येतो: तंतू एकमेकांवर गरजेपेक्षा घट्ट दाबले गेले, की मूळ कंपनाचा जोर घटतो आणि त्या मानाने वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारी उंच कंपने) कानाला टोचू लागतात.

खर्जप्रेमी:
वरील विवेचनाला एका अभ्यासाची जोड देतो. ‘माळ’ आणि ‘म्हण’ हे शब्द सावकाश उच्चारून पाहावेत. ‘म्ह’ म्हणताना स्वरतंतू किंचित विलग राहतात आणि कंपनाबरोबर हवाही निसटते, म्हणजे तंतू सैल ठेवण्याची ही कला मराठी बोलणाऱ्याच्या गळ्यात आधीपासूनच असते. पंचमापासून तार षड्जापर्यंतची जागा प्रथम ‘म्ह’वर, मग ‘म’वर आणि शेवटी आकारात (‘आ’ या उच्चारावर), अगदी कमी आवाजात घ्यावी. आकारात घसा पुन्हा आवळला, तर ‘म्ह’कडे परत यावे. खर्जाच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, रियाजातही आवाज जबरदस्तीने खाली ढकलू नये. तेथे करकर ऐकू येऊ लागली, की त्याच्या वरच्या सुरावर थांबणे मला अधिक योग्य वाटते.

नाट्यरसिक:
एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. वरच्या सुरांत स्वरयंत्र थोडेफार उचलले जाणे स्वाभाविक आहे, आणि कोणता आवाज चांगला मानायचा हे गानप्रकारावरही ठरते. भावगीत ध्वनिक्षेपकाजवळ गायले जाते, म्हणून त्यात हवा मिसळलेला आवाज हळुवार वाटतो. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळातील रंगभूमीवर तोच आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला नसता.

सूरसाधक:
मनःपूर्वक आभार. तार षड्जाचा रियाज केल्यावर आवाज थोडा घोगरा राहतो, त्याची काळजी करावी काय?

वाचोपचारक:
घोगरेपणा येईल त्या दिवशी रियाज तेथेच थांबवावा. तो तीन-चार आठवडे टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्यावेत आणि तोवर तार सप्तक वर्ज्य ठेवावे.