मदत हवी आहे: ह्यांची शुगर, आडत आणि तोंडावर आलेली येळवस (वेळ अमावस्या)

आम्ही लातूरकडचे. ह्यांची तीन महिन्यांची शुगर (एचबीए१सी) ८.२ आली, गोळी सुरू झाली. ज्वारीची भाकरी शुगरला चालतेच म्हणून हे तीन-तीन खायचे. शेवटी पीठच ना ते! आता एकच वाढते, सोबत मेथीची भाजी, मुगाचं वरण, काकडी. कुरकुर करतात, पण घरात जमतंय.

अडचण आडतीवर, म्हणजे ह्यांच्या मोंढ्यातल्या धान्याच्या दलालीच्या दुकानावर आहे. सौदे सुरू झाले की माणसागणिक चहा, आणि नको म्हणायला ह्यांना संकोच वाटतो. जेवायला तीन वाजतात. परवा हात थरथरले, दरदरून घाम फुटला. गोळी घेऊन उपाशी राहिल्यानं शुगर उतरली असेल का? डॉक्टरांना उद्याच विचारते. पण अकरा वाजता चारचौघांत खाता येईल असं डब्यात काय देऊ? फुटाण्यांचा कंटाळा आलाय.

दुसरं, येळवशीला शेतात भज्जी, आंबील (ज्वारीचं पीठ घातलेलं ताक), उंडे आणि गुळाची खीर. खीर नाहीच देणार. पण आंबील लोटकं भरून पितात, ती किती चालेल? ज्यांच्या घरी शुगर आहे त्यांनी सांगा.

कारल्या-जांभळाचं चूर्ण मात्र सुचवू नका, सासूबाईंनी आधीच तीन डबे आणून ठेवलेत.