मदत हवी आहे: कार-टी उपचारात सोबत राहताना काय पाहायचं?

माझ्या धाकट्या भावाचा बी-पेशींचा लिम्फोमा (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग) दोनदा केमो होऊनही उलटला. आता डॉक्टरांनी कार-टी सुचवलंय. त्याच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पेशी) काढून, त्यांत सीडी१९ (बी-पेशींवरचं एक प्रथिन) ओळखणारा रिसेप्टर बसवून परत शिरेतून देणार. २०१७ साली अमेरिकेत पहिल्यांदा मान्यता मिळाली ती हीच पद्धत. पण सीडी१९ प्रतिपिंडं बनवणाऱ्या निरोगी बी-पेशींवरही असतं, म्हणजे त्याही मरणार! मग जंतुसंसर्गाची भीती किती महिने राहते? कुणाला इम्युनोग्लोब्युलिन (बाहेरून दिलेली प्रतिपिंडं) घ्यावं लागलं का?

सुरुवातीच्या दिवसांत जोराचा ताप येतो, रक्तदाब उतरतो, बोलताना शब्द सापडेनासे होतात म्हणे. मेंदूवर परिणाम होतोय का हे कळावं म्हणून रोज एक वाक्य लिहून घेऊन हस्ताक्षरही तपासतात. सोबत मीच राहणार आहे. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा, घरी आल्यावर रात्री नेमकं कशावर लक्ष ठेवू?